निळा डगला

भिंगरीनं शेवंतीचं फूल चिमटीत धरलं, खाली पांढरा कागद लावलेला पुठ्ठा धरला आणि फुलाच्या डोक्यावर टिचक्या मारल्या. टक, टक, टक. कागदावर आधी पिवळी भुकटी पडली, मग कोळ्याचं एक पिल्लू पडून पळून गेलं, आणि मग ते पडले. फुलकिडे. पेन्सिलीचं टोक मोडून पडावं एवढेसे, पिवळट आणि लांबुडके. पडले की लगेच चालायला लागतात. चालत नाही तो कचरा, चालतो तो फुलकिडा. ओळखायचं काम एवढंच. त्यासाठी शाळा लागत नाही.

तिनं कागद साबणाच्या पाण्याच्या मगात झटकला आणि पुढच्या वाफ्याकडे वळली. तिथं दोन टिचक्या मारल्या, तेवढ्यात मन दाराकडे गेलं. मन गेलं की पाय जाणारच. तिनं पुठ्ठा टेबलावर टाकला, बाहेर पडली, दारातल्या औषधाच्या पाण्यात चपला बुडवल्या, हात साबणानं धुतले आणि गल्ली ओलांडून पाच नंबरच्या घरात डोकं घातलं.

"घुमे, रात्री थंडी होती. झडपा लावल्या होत्यास ना?"

आत तिची नणंद मिरचीच्या ट्रेवर वाकली होती. तिनं मान वर न करता हलवली.

"हलवली ती हो म्हणून, का मान अवघडली म्हणून?"

"हो म्हणून, वहिनी."

"मग तसं तोंडानं सांग की. तोंड काय नुसतं जेवायला दिलंय?"

भिंगरीनं दोन-चार ट्रे बोट लावून बघितले, माती ओली आहे का ते बघितलं, कोपऱ्यातल्या एका रोपावरून हात फिरवला आणि आली तशी गेली. हे रोजचं होतं. रोपवाटिकेत रोपांसाठी जाळी-प्लास्टिकची घरं होती; ती फुलांच्या घरात कामाला, नणंद भाजीच्या रोपांच्या घरात. मधे एक गल्ली, आणि ती गल्ली सकाळपासून संध्याकाळपर्यंत कितीदा ओलांडायची याला काही धरबंद नव्हता.

तिला भिंगरी नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरते म्हणून पडलं असणार. जेवताना उठते, झोपेत कूस बदलत राहते, आणि कुणी लांबण लावली तर त्याचं वाक्य स्वतःच संपवून टाकते. तिचा नवरा रोपांची गाडी चालवतो. तो म्हणायचा, "माझी बायको लग्नात सप्तपदीपण माझ्या पुढे चालत होती. मला वाटलं घाई आहे. नंतर कळलं, चालच तशी आहे."

नणंद अगदी उलटी. बसली तिथं बसली. शाळेत उत्तर येत असून सांगायची नाही म्हणून तिथं टिकली नाही. नंतर एका शिवणवर्गात घातली, तिथं बाईंना वाटलं हिला ऐकूच येत नाही. घुमी, घुमी करता करता तेच नाव झालं. घरातल्यांनी तिच्यावर काट मारली होती. एक भिंगरी सोडून. भिंगरीनं तिला एकदा परसात तांबड्या मुंग्यांची रांग बघत उकिडवं बसलेलं पाहिलं होतं. दुपार टळली तरी पोरगी हलली नव्हती. तेव्हा भिंगरीनं ठरवलं, जिला इतकं बघता येतं ती कामाची आहे. मग ती रोपवाटिकेच्या मालकीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, "माझी नणंद ठेवून घ्या. बोलणार नाही, पण रोप मरू देणार नाही. तिचं काय चुकलं तर माझा कान धरा."

मालकीणबाईंनी ठेवली. आधी क्रेट धुवायच्या हौदावर. दिवसभर गार पाण्यात हात घालून घुमीची बोटं पांढरी पडायची, पण ती काही बोलली नाही. मग बी टोकायला, मग पाणी द्यायला. आणि या हंगामाला मालकीणबाई म्हणाल्या, ढोबळी मिरचीचं पाच नंबरचं घर तुझ्याकडे. रोपं गिऱ्हाइकाकडे नीट गेली तर कायमचं तुझं. नाही गेली तर पुन्हा हौद.

हे ऐकून सगळ्यात जास्त पोट कुणाचं दुखलं असेल तर मुकादमाचं. मेहुण्याकडे एक घर होतंच, पण त्याला पाच नंबरही मेहुण्यालाच द्यायचं होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली."

भिंगरी म्हणाली, "ढोबळी आहे ती, तिखट कसली होतेय. तुम्ही उगाच ठसका लावून घेऊ नका."

त्याच आठवड्यात घुमीनं वहिनीला एक डगला शिवून दिला. फुलांच्या घरात शेवंतीच्या डिंकानं कपडे चिकट होतात, म्हणून अंगावरून घालायला. लांब बाह्या, दोन मोठे खिसे, एक कागद ठेवायला, एक भिंग ठेवायला. कापड छान गडद निळं. घुमीनं तो दिला तोही न बोलता, भिंगरीच्या उशीवर ठेवून. भिंगरीनं घालून आरशात पाहिलं, नवऱ्याला दाखवलं, शेजारणीला दाखवलं, आणि त्या दिवसापासून तो तिच्या अंगावरून उतरला तर फक्त खुंटीवर.

मग पाच नंबरात पहिलं रोप बिघडलं.

सापडलं मुकादमालाच. त्यानं ट्रे उचलून दारात आणला आणि सगळ्यांना हाक मारली. कोवळ्या पानावर पिवळसर कडी होती, कडीत कडी, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. शेजारच्या रोपाचा शेंडा काळा पडून वाकला होता. तिसऱ्याच्या पानांवर तांब्याच्या भांड्यासारखी झाक आली होती. घुमी बघत उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला की भिंगरीनं तिचा हात धरला, आणि हात गार होता, हौदातल्यासारखा.

मुकादम म्हणाला, "परवा दुपारी मागची खिडकी सताड उघडी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मागे शेजाऱ्याचं गवत माजलंय, त्यात हजार किडे. कुणी उघडली?"

"मी," घुमी म्हणाली.

"का उघडलीस?"

"उकडत होतं. रोपांना."

"बघा, रोपांना उकडत होतं. पंखा घालायचा होता."

भिंगरी मधे पडली. "सगळी घरं दुपारी खिडक्या उघडतात. तुमच्या मेहुण्याचं घर काय बर्फात आहे?"

मालकीणबाई आल्या. बाई चांगल्या होत्या, उगाच वाईट म्हणायला नको, पण रोपं त्यांनी दुसऱ्याला द्यायचं कबूल केलं होतं आणि शब्द म्हणजे शब्द. त्या एवढंच म्हणाल्या, "झाडांच्या डॉक्टरांना बोलावते. रोग खिडकीतून आला असेल तर पाच नंबर मुकादम म्हणेल त्याच्याकडे जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल."

झाडांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. किडकिडीत माणूस, पायात सगळ्यांपेक्षा मळकट बूट. त्यांनी पान चुरगळून एका बाटलीत घातलं, त्यात पट्टी बुडवली, पट्टीवर दोन रेघा उठल्या. ते म्हणाले, "विषाणू आहे. फुलकिड्यांनी आणलेला. याला औषध नाही."

"फवारणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"फवारणीनं किडा मरेल, तोही मेला तर. लागलेला रोग जात नाही. लागलेली रोपं पिशवीत भरून जाळायची." मग त्यांना समजावून सांगायची हौस होती म्हणून ते क्रेट उलटा करून बसले. "गंमत अशी की प्रत्येक फुलकिडा रोग देत नाही. पिल्लू असताना जो रोगी झाडावर जेवला, त्याच्याच अंगात विषाणू मुरतो. मोठेपणी कितीही रोगी पानं खाऊ दे, त्याच्याकडून दुसऱ्याला लागत नाही. पण लहानपणी एकदा मुरला की मरेपर्यंत तो जिथं तोंड घालेल तिथं देत जातो."

"आमच्या घरी असाच एक आहे," भिंगरी म्हणाली. "लहानपणी आईनं लावलेली सवय, आता मरेपर्यंत ओला टॉवेल पलंगावर."

सगळे हसले. घुमीच्या भावाविषयी चाललं होतं तरी तीही हसली, थोडीशी.

"म्हणजे कुठंतरी जवळच एक रोगी झाड आहे," डॉक्टर म्हणाले, "ज्यावर त्यांची पिल्लं वाढतायत. ते कुठं आहे आणि किडा कुठल्या वाटेनं येतो ते शोधायला पाहिजे. नाहीतर आज जाळाल, उद्या परत येईल."

"कसं शोधायचं?"

डॉक्टरांनी गाडीतून एक खोका आणला. त्यात पिटुनियाच्या कुंड्या होत्या, छोट्या, हिरव्यागार. "हे झाड चुगलखोर असतं. रोगी किडा याला चावला की चावलेल्या जागी पान जळतं. तीन-चार दिवसांत तपकिरी ठिपका उठतो, काळ्या काठाचा. रोग पुढे झाडात पसरत नाही, ठिपका तिथंच थांबतो. म्हणजे चुगली करेल, पण रोग वाढवणार नाही. जिथून किडा येईल असं वाटतं तिथं तिथं एकेक ठेवा. फुलं खुडून टाका, नाहीतर किडे फुलात जाऊन बसतात, पानाला तोंड लावत नाहीत. आणि कुंडीत एक निळं कार्ड खोचा. निळं दिसलं की ते ओढल्यासारखे येतात."

निळी कार्डं रोपवाटिकेत सगळीकडेच होती. चिकट, दोरीला टांगलेली, काळ्या ठिपक्यांसारख्या मेलेल्या किड्यांनी भरलेली. भिंगरी रोज त्यांच्याखालून वाकून जायची. तिनं मान डोलावली आणि खोका उचललासुद्धा. घुमी मात्र वहिनीच्या खांद्याकडे बघत राहिली. भिंगरीला वाटलं शिवण उसवली, म्हणून तिनं खांदा चाचपला. शिवण शाबूत होती.

"पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघू कुणी चुगली केली," डॉक्टर म्हणाले. "तोपर्यंत पाच नंबरात कमीत कमी माणसं जाऊ द्या."

मालकीणबाई म्हणाल्या, "ठरलं. मागच्या खिडकीतल्या झाडावर ठिपका उठला तर माझा निर्णय झाला."

भिंगरीनं कुंड्या वाटल्या. एक मागच्या खिडकीत. एक पाच नंबरच्या आत मधोमध. एक पुढच्या दाराच्या आत, हात धुवायच्या नळाजवळ. एक मुकादमाच्या मेहुण्याच्या घराच्या दारात, कारण तिला तिथूनच रोग यायला हवा होता. एक अवजारांच्या खोलीत. फुलांच्या घरात नाही ठेवली. तिथं मिरची नव्हतीच, आणि शेवंती तर इतकी जोमात होती की पान हलवलं तरी तजेला उडेल. शेवटी एक कुंडी उरली. ती हातात घेऊन भिंगरी इकडे गेली, तिकडे गेली, तेवढ्यात नवऱ्यानं गाडी भरायला हाक मारली आणि तिनं ती कुठंतरी टेकवली.

मग तो आठवडा. तो आठवडा भिंगरीनं कसा काढला ते तिच्या नवऱ्याला विचारावं. भाजीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. सकाळी उजाडायच्या आत ती कामावर निघायला लागली. फुलांच्या घरात टिचक्या मारायच्या, आणि मग गल्ली ओलांडून पिटुनियाकडे. दिवसातून किती खेपा घातल्या असतील देव जाणे. रोपवाटिकेत एक जुना नियम होता, सकाळी आधी भाजी आणि मग फुलं, फुलांकडून भाजीकडे कधी यायचं नाही. भिंगरीला तो नियम तोंडपाठ होता आणि ती तो पाळायची. फुलांच्या घरातून येऊन तिनं भाजीत कधी काम केलं नाही. ती फक्त डोकवायची. डोकवणं म्हणजे काम नव्हे.

घुमी म्हणाली, "वहिनी, तू सकाळी येऊ नकोस. मी बघते."

भिंगरीला ते लागलं. "का? माझी अडचण होते?"

"तसं नाही."

"मग कसं?"

घुमीनं हातातला ट्रे सरळ केला. सरळच होता तो. "डगला मळलाय. दे, धुऊन देते."

"आणि वाळेपर्यंत मी काय घालू, तुझ्या दादाचा सदरा? राहू दे. आधी हे निस्तरू, मग डगला." पुढे तिचा आवाज चढला. "घुमे, तुला कळतंय का, तुझं घर जातंय. हौद आठवतो का तो? मी इथं जिवाचं रान करतेय आणि तुला धुणं सुचतंय. त्या मुकादमाला एकदा तरी उलट बोल. बोल की मी खिडकी उघडली पण रोग खिडकीतून नाही आला."

"बोलेन."

"कधी? सगळं जळल्यावर?"

घुमी पुढच्या ट्रेकडे वळली. भिंगरीला वाटलं, हिला हलवून काढावं, फुलावर मारतात तशा टिचक्या माराव्यात डोक्यावर, म्हणजे आतलं काहीतरी कागदावर पडेल.

मागच्या खिडकीतलं झाड स्वच्छ होतं. रोज स्वच्छ. भिंगरी भिंग लावून पानन् पान बघायची आणि तिला नाचावंसं वाटायचं. मधोमधचंही स्वच्छ. मेहुण्याच्या दारातलंही स्वच्छ, याचं तिला थोडं वाईट वाटलं. पण पुढच्या दाराजवळचं झाड विचित्र होतं. ठिपका एकही नाही, मात्र पानं कमी झाली होती. पहिल्यांदा एक देठ मोकळा दिसला, मग अजून दोन. गोगलगाय खाते तेव्हा पानाला भोकं पडतात. हे तसं नव्हतं. पान नखानं खुडल्यासारखं, देठापासून साफ.

भिंगरी तडक मुकादमाकडे गेली. तो चहा पीत होता.

"पिटुनियाची पानं कोण खुडतंय?"

"कुठल्या?"

"दाराजवळच्या. झाड उघडं पडलं म्हणजे चुगली करायला पान राहणार नाही, मग खिडकीवर ढकलायला तुम्ही मोकळे. एवढी अक्कल तुमच्याशिवाय इथं कुणाला आहे?"

मुकादमानं बशी खाली ठेवली. "बाई, मला पाच नंबर पाहिजे हे मी तोंडावर सांगतो. त्यासाठी मी काय बकरा होऊन झाडं खाईन?"

"बकऱ्याला निदान शिंगं असतात, समोरून मारतो."

"शोधा मग शिंगं," मुकादम म्हणाला आणि राहिलेला चहा प्याला. त्याला राग आला होता, पण खोट्या माणसाला येतो तसा नव्हता. भिंगरीला ते त्या वेळी दिसलं नाही. चिडलेल्या माणसाला भिंगातूनही दिसत नाही.

डॉक्टर यायच्या दिवशी सकाळी सगळे पाच नंबरच्या दारात जमणार होते. भिंगरीला वाटलं, मालकीणबाईंसमोर जायचंय, डगला काढून बरं दिसावं. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. खोली म्हणजे काय, एका भिंतीला खुंट्या, एक बाक आणि एक खिडकी. तिनं डगला काढला, आपल्या खुंटीवर अडकवला आणि वळताना कोपराला काहीतरी लागून पडता पडता वाचलं.

कुंडी होती. तिच्या खुंटीच्या बरोबर मागे, खिडकीच्या कट्ट्यावर. उरलेली. त्या दिवशी गाडी भरायला पळताना टेकवलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिनं कुंडी उजेडात घेतली. पानंभर ठिपके होते. तपकिरी, काळ्या काठाचे, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले. जी पानं डगल्याच्या बाहीला टेकत होती ती सगळ्यात जास्त जळली होती.

भिंगरी बाकावर बसली. तिला बसलेलं ज्यांनी पाहिलंय ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग तिनं डगला खुंटीवरून ओढून घेतला, त्याच्या खिशातून पांढरा कागद काढला, मांडीवर पसरला, आणि डगल्याच्या बाहीवर टिचक्या मारल्या. टक, टक, टक. शेवंतीच्या पाकळीचा तुकडा पडला. भुकटी पडली. आणि मग कागदावर एक चालायला लागला. मग दुसरा.

निळं दिसलं की ओढल्यासारखे येतात. डॉक्टर सांगत होते तेव्हा ती हाच डगला घालून समोर उभी होती.

सगळं एका दमात तिच्या डोक्यात आलं. शेवंती. तजेल्याची, जोमातली, वरून निरोगी दिसणारी शेवंती. तिच्यावर पिल्लं वाढत होती, आणि मोठे झालेले निळ्या बाहीवर बसून गल्ली ओलांडत होते. चपला धुतल्या, हात धुतले, अंगावरचं कोण धुणार. आणि पाच नंबरात ती कशासाठी जात होती? नणंदेचं घर नीट चाललंय ना ते बघायला.

बाहेर डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला. कुंडी परत कट्ट्यावर ठेवली असती, किंवा पिशवीत घातली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. खिडकीतलं झाड तर स्वच्छच होतं. मुकादम म्हणाला असता स्वच्छ असलं म्हणून काय झालं, भिंगरी उलट बोलली असती, आणि काहीतरी मधलं ठरलं असतं. हा विचार तिच्या मनात आला का? आला असेल. ती माणूस आहे. पण तो तिच्याबरोबर दारापर्यंतसुद्धा चालला नाही, इतक्या वेगानं ती निघाली होती.

एका हातात कुंडी, एका हातात पिशवीत कोंबलेला डगला. पाच नंबरच्या दारात डॉक्टर, मालकीणबाई, मुकादम आणि घुमी उभे होते. डॉक्टर म्हणत होते, "खिडकीतलं स्वच्छ आहे, पण दाराजवळच्याला पानंच नाहीत, मग सांगायचं कसं..."

"मी सांगते," भिंगरी म्हणाली आणि कुंडी त्यांच्यापुढे धरली. "हे माझ्या खुंटीमागं होतं. रोग मी आणला. फुलांच्या घरातून, या डगल्यावर. रोज सकाळी."

कुणी काही बोलायच्या आत घुमी बोलली. त्या रोपवाटिकेत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "नाही. खिडकी मी उघडली होती. मुकादमांनी पाहिलंय. एकदा नाही, रोज उघडायचे. माझ्यामुळंच आलाय. वहिनीला काय माहीत, तिला उगाच स्वतःवर घ्यायची सवय आहे."

"घुमे, गप."

"नाही गप. बोल बोल म्हणत होतीस ना? आता बोलतेय."

"आता बोलतेय तेही खोटं. आठवडाभर सांगत होते तेव्हा तोंड शिवलं होतंस?"

मुकादम म्हणाला, "दोघींपैकी एकीनं तरी ठरवा."

डॉक्टरांनी पिशवीचं तोंड किंचित उघडून आत पाहिलं, लगेच बांधलं, आणि फुलांच्या घराकडे चालू लागले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेवंतीची पानं होती आणि पट्टीवर दोन रेघा. "शेवंती वरून छान दिसते," ते म्हणाले. "दाखवत नाही. पण वाढवते. खालच्या फांद्यांना बारीक करडे डाग आहेत, मीही गेल्या वेळी तिकडे फिरकलो नाही. चूक माझीही आहे."

मालकीणबाईंनी पट्टी डॉक्टरांच्या हातातून घेतली. मग म्हणाल्या, "सकाळी आधी भाजी, मग फुलं. हा नियम तुला माहीत होता?"

"होता."

"मग?"

"मी काम करत नव्हते. डोकवत होते."

मालकीणबाईंना हसू आलं का रडू ते कळलं नाही. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मुकादम तर चक्क हसला, आणि पहिल्यांदाच त्याचं हसणं भिंगरीला टोचलं नाही.

खरं सांगून मिरची वाचली नाही. तसं होत नसतं. पाच नंबरातली रोपं सगळी काढावी लागली, बरी दिसणारीसुद्धा, कारण बरी दिसणारी म्हणजे बरी नव्हेत हे आता सगळ्यांना कळलं होतं. घुमीनं ती स्वतः उपटली. ट्रेमागून ट्रे, मुळांसकट, पिशव्यांत. भिंगरीला आत यायला बंदी होती. ती गल्लीत उभी राहून जाळीतून बघत होती आणि एका जागी उभं राहायचा तिचा तो पहिलाच दिवस असेल. शेवंतीही गेली. दोन्ही घरं रिकामी करून बंद ठेवली, उपाशी राहून किडे मरावेत म्हणून. निळा डगला सगळ्यांच्या आधी आगीत गेला.

मालकीणबाईंनी ज्यांना शब्द दिला होता त्यांना दुसरीकडून रोपं घेऊन दिली. पाच नंबर घुमीकडेच ठेवलं. म्हणाल्या, "खिडकीतलं झाड स्वच्छ होतं, मी बोलले ते बोलले." आणि भिंगरीला शिक्षा अशी दिली की तिला तोडच नाही. एकदा फुलांच्या घरात शिरलं की संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही. जेवणाचा डबा दारात येईल. गल्ली बंद.

लोकांना वाटलं ती आठवड्यात काम सोडेल. सोडलं नाही. आतल्या आत फेऱ्या मारून तिनं फुलांच्या घरात मधोमध एक पायवाट पाडली, पण दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. काही विचारायचं असलं की जाळीला तोंड लावून ओरडायची, "घुमे, झडपा लावल्यास का?" आणि गल्लीपलीकडून उत्तर यायचं, तोंडानं, पूर्ण वाक्यात, "हो वहिनी, लावल्या." नव्या मिरचीची रोपं गाडीत चढली त्या दिवशी भिंगरीचा नवरा मुद्दाम गाडी फुलांच्या घरासमोरून, तिला नीट बघता यावीत म्हणून, हळू चालवत घेऊन गेला. ती म्हणाली, "एवढी हळू चालवलीस तर पोचेपर्यंत त्यांना मिरच्या लागतील."

दाराजवळच्या पिटुनियाची पानं मुकादमानंच खुडली, असं ती पुढेही धरून होती. तोही ती दिसली की हातानं शिंगं करून दाखवायचा.

खरं कळलं ते पुष्कळ नंतर, घुमीचं लग्न ठरून तिचं शिवणयंत्र न्यायला काढलं तेव्हा. यंत्राच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली, निळ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यात बांधलेली पिटुनियाची सुकलेली पानं होती. प्रत्येक पानावर काळ्या काठाचा तपकिरी ठिपका होता.